रिंगमधल्या काही बायकाच लोकांच्या मनात का बसतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारतं कोण, आणि उत्तरं तुम्ही का देताय?

मी सोलापूरच्या पूर्व भागात शाळेचे गणवेश शिवते. मशीनच्या मागच्या भिंतीवर रिया रिप्लीचं, म्हणजे टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीतल्या एका पैलवान बाईचं, पोस्टर आहे. माप द्यायला आलेली पोरं ते बघून हरखतात, त्यांच्या आया नाक मुरडतात आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच ते इतक्यांदा सांगून झालंय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

माझी पात्रता एवढीच की वयाच्या दहाव्या वर्षापासून हे बघतेय. आमच्या वाड्यात केबल एकाच घरात होती, अक्कांच्या. अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, डोळे टीव्हीवर आणि हात आपले चालूच. विडीचा हिशेब हजारावर असतो, त्यामुळे हात थांबवणं परवडत नाही. पण रिंगमध्ये काही बायका आल्या की अक्कांचे हात थांबायचे. सगळ्यांसाठी नाही. कोणासाठी थांबतात नि कोणासाठी नाही, हे मी टीव्हीपेक्षा जास्त बघायचे. खालचे बहुतेक प्रश्न त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पण ते सगळं खोटं असतं ना, मावशी?

निकाल आधी ठरलेला असतो. ही कुस्ती भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनेही ते कधीच कबूल करून टाकलंय. ही स्पर्धा नाही, करमणूक आहे, असं १९८९ साली तिने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगितलं. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर मागे लागतात, करमणूक म्हटलं की सुटका होते.

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि वस्तादाच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा निघतो. बरोबरच आहे. आखाड्यात खरी जोड लावलीय असं सांगून नुरा लढलात तर ती फसवणूक झाली. इथे फसतंय कोण? गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघायला आपण वर चढतो. तो मोटारसायकलवाला दिवसभर तेच करतो हे माहीत असतं, तरी फळ्या थरथरल्या की आपण मागे सरकतो. कारण तो पडला तर खराच पडणार. रिंगमध्येही फळ्याच असतात, त्यावर जेमतेम फोम आणि वर ताणलेला कॅनव्हास. इंग्लंडच्या पेज या मुलीला मानेच्या दुखापतीमुळे २०१८ साली निवृत्ती जाहीर करावी लागली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. निकाल ठरलेला असतो, मणक्याचं काही ठरलेलं नसतं.

जिंकणं-हरणं हातात नाही, मग कोण लोकप्रिय हे कसं ठरवायचं?

कानांनी. एन्ट्रीचं संगीत वाजल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जो आवाज उठतो, तो ऐकायचा. बाकी टी-शर्टचा खप, तिकिटं वगैरे त्यामागून येतं.

तसं खऱ्या कुस्तीतही जिंकणं आणि लोकांच्या मनात बसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं बघा. जानेवारी २०२३ च्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख महेंद्र गायकवाडकडून हरला. महेंद्रही सोलापूर जिल्ह्याचाच. एका डावाला दिलेल्या गुणांवरून इतका गदारोळ झाला की ज्यांनी कधी लाल माती पाहिली नाही तेही मोबाईलवर तो डाव पुन्हा पुन्हा थांबवून बघत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदरने गदा जिंकली. पण माझ्या दुकानात त्याचं नाव पहिल्यांदा आलं ते जानेवारीत, हरल्यावर. लोकांना वाटलं, ह्याच्यावर अन्याय झाला, हा आपला. पंचांनी बरोबर केलं की चूक, हा वाद तालमीतल्या जाणत्यांनी घालावा. मी फक्त आवाज कुठून आला ते सांगतेय.

रिंगमध्ये नेमकं हेच मुद्दाम घडवायचा प्रयत्न चालतो. बहुतेक वेळा फसतो.

दिसायला सुंदर असली की झालं. खरं सांगा, तसंच ना?

कंपनीलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. २००० सालाच्या मागेपुढे बायकांच्या लढती म्हणजे एकमेकींचे कपडे ओढण्याचा तमाशा असायचा (तमाशाची माफी मागून म्हणते, त्याला काही रीत असते). त्या वेळी अक्का चॅनल बदलायच्या नाहीत, पण मान खाली घालून पानं कापायला घ्यायच्या. पुढे २००८ मध्ये बायकांसाठी फुलपाखराच्या आकाराचा विजेतेपदाचा बेल्ट काढला. बेल्ट कसला, केसाला लावायचा चाप वाटायचा.

आता ट्रिश स्ट्रेटसचं बघा. कॅनडाची, फिटनेस मॉडेल. २००० साली आली ती पुरुष पैलवानांच्या सोबत चालायला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पण शिट्टी आणि टाळी यांत फरक आहे हे लावणी बघितलेल्या माणसाला सांगायला नको. टाळी तिला मिळाली ती पुढे, जेव्हा दर आठवड्याला ती थोडी कमी चुकताना दिसायला लागली. प्रेक्षकांनी तिला शिकताना पाहिलं. २००६ साली ती स्वतःच्या टोरोंटो शहरात निवृत्तीची लढत खेळली आणि सातव्यांदा विजेती झाली. समोर होती लिटा.

लिटाचं मला वेगळंच कौतुक. ती मेक्सिकोत जाऊन शिकली. वरच्या दोरावरून उलटी कोलांटी मारून समोरच्यावर पडायची. आणि तिच्या पँटला खिसे होते! बाईच्या कपड्याला खिसा लावायचा म्हटलं की आजही गिऱ्हाईक माझ्याशी घासाघीस करतं, आणि ही बाई टीव्हीवर ढगळ, खिशांची पँट घालून पुरुषांसारख्या उड्या मारतेय. वाड्यातल्या आम्हा पोरींना ती सुंदर वाटायची की नाही आठवत नाही. तिच्यासारखं व्हावंसं वाटायचं. ६ डिसेंबर २००४ ला या दोघींची लढत कंपनीच्या दर आठवड्याच्या रॉ कार्यक्रमाच्या शेवटी, मुख्य लढत म्हणून झाली. लिटा जिंकली.

चेहऱ्याने दार उघडतं, हे मी नाकारत नाही. पण त्या काळात लिटाइतक्याच देखण्या कितीतरी आल्या आणि गेल्या. त्यांतल्या चौघींची नावं सांगा बघू.

चायनाचं एवढं काय होतं?

अक्कांचे हात मी पहिल्यांदा थांबलेले पाहिले ते चायनासाठी. अक्कांना वाटायचं ती चीनची आहे, आणि ‘पण डोळे तसे नाहीत गं’ अशी शंका त्या दर आठवड्याला काढायच्या. होती ती न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची.

१९९७ साली ती आली ती अंगरक्षक म्हणून. काळे कपडे, रुंद खांदे, आणि तोंडातून एक शब्द नाही. आजूबाजूचे पुरुष बडबड करतायत आणि ही गप्प उभी. त्या गप्प बसण्याने पहिली पकड घेतली असं मला वाटतं, कारण बोलायला लावलेली बाई तेव्हा लाडे लाडेच बोलायची. १९९९ च्या जानेवारीत तीस पैलवानांच्या रॉयल रंबलमध्ये उतरणारी ती पहिली बाई झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने जेफ जॅरेटला हरवून इंटरकॉन्टिनेन्टल बेल्ट घेतला, जो तोवर फक्त पुरुषांचा होता. हे सगळं लिहिलेलं होतं, मान्य. पण शंभर किलोच्या गड्याला डोक्यावर उचलायची ताकद लिहून देता येत नाही.

अक्का म्हणाल्या होत्या, ‘हिला नवरा मारत नसंल.’ मी तेव्हा हसले होते.

२००१ मध्ये तिने कंपनी सोडली, २०१६ मध्ये ती गेली, आणि कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव आलं २०१९ साली, तेही गटातली एक म्हणून. याबद्दल मला जे वाटतं ते गिऱ्हाइकांसमोर बोलण्यासारखं नाही.

बेकी लिंच मोठी झाली ती नाक फुटलं म्हणून?

असं म्हणणारे पुष्कळ. अर्धंच खरं आहे, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेकी आयर्लंडची. किशोरवयातच कुस्तीला लागली, २००६ मध्ये डोक्याला मार बसल्यावर काही वर्षं सगळं सोडलं, मधल्या काळात विमानात हवाई सुंदरी म्हणून नोकरीही केली. परत आली तेव्हा तिच्या बरोबरीच्या तिघी, शार्लट, साशा आणि बेली, पुढे निघून गेल्या होत्या. शार्लट तर रिक फ्लेअर या जुन्या नामांकित पैलवानाची मुलगी, म्हणजे घराण्याची पैलवान. बेकी कायम चौथी. चांगली, मेहनती, हसरी, आणि दर वेळी दुसऱ्या कोणाला तरी मोठं करण्यासाठी हरणारी.

ऑगस्ट २०१८ मध्ये समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात तिला बेल्टसाठी लढायची संधी मिळाली. मग शार्लटलाही त्यात घुसवलं गेलं आणि जिंकलीही शार्लटच. लढत संपल्यावर बेकीने तिला झोडपलं. लेखकांचा बेत असा की आता बेकी दुष्ट झाली, लोक तिची हुर्यो उडवतील. झालं उलटंच. सगळं स्टेडियम तिच्या बाजूने ओरडायला लागलं. समालोचक ‘हे किती वाईट’ म्हणतायत आणि लोक नाचतायत. नोकरीत दुसऱ्याला बढती देताना बघितलेला एकेक माणूस त्या दिवशी आपला राग तिच्या हातात देऊन बसला होता. कंपनीला अखेर लोकांच्या मागे जावं लागलं.

त्यानंतर आलं ते नाक. नोव्हेंबर २०१८ मध्ये रॉच्या गोंधळात निया जॅक्स या पैलवान बाईचा एक ठोसा चुकून खराच बसला. नाक मोडलं, डोक्याला मार बसला. बेकी तशीच लढली आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने प्रेक्षकांमध्ये जाऊन, हात पसरून उभी राहिली. ते चित्र आजही पोरांच्या मोबाईलवर असतं. पण नीट बघा: ठोसा बसला तेव्हा लोक आधीच तिच्या बाजूला गेलेले होते. रक्ताने एवढंच केलं की ठरलेल्या गोष्टीत न ठरलेलं काहीतरी सगळ्यांना एकदम दिसलं. ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनियाच्या, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या, इतिहासात पहिल्यांदा बायकांची लढत शेवटची, मुख्य ठेवली गेली. रोंडा राउझी, शार्लट आणि बेकी. जिंकली बेकी.

आपल्या मातीला हे नवं नाही. पंढरपूरला जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर भर खेळात मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभं राहायला निघाल्या. ही गोष्ट तमाशा कधी न बघितलेल्या घरांतही सांगतात. त्यांची लावणी कोणती, हे त्या घरांना माहीत नसतं. त्यांनी काय मोजलं ते माहीत असतं.

खलनायिका लोकांना आवडते हे कसं काय?

रिंगच्या भाषेत तिला हील म्हणतात. तिचं काम शिव्या खाण्याचं, आणि ते सोपं नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये साशा बँक्सने बेलीशी अर्धा तास चाललेल्या लढतीत पहिल्या रांगेत बसलेल्या बेलीच्या एका लहानग्या चाहतीच्या डोक्यावरचा पट्टा हिसकावून घेतला. पोरगी ढसाढसा रडली. मी बघताना उभी राहिले होते, हातात कात्री होती. साशाचा एवढा संताप आला, आणि दुसऱ्या मिनिटाला वाटलं, काय बाई आहे ही! तिला मनापासून शिव्या घातल्या ना आपण, म्हणजे तिने काम चोख केलं.

मालिकांमधली खाष्ट सासू बाजारात भेटली की बायका आधी रागावतात आणि मग सेल्फी काढतात, तसलंच.

रिया रिप्लीचं जरा वेगळं. ती ऑस्ट्रेलियाची. काळी लिपस्टिक, दंडांचे स्नायू, पुरुषाला खांद्यावर घेऊन फिरणारी. तिला दुष्ट म्हणूनच आणलं होतं, पण पोरींना ती दुष्ट दिसतच नाही. त्यांना दिसते कोणाची परवानगी न विचारणारी बाई.

माइकवर बोलता येणं एवढं महत्त्वाचं आहे?

लढतीआधी माइकवर एकमेकींना ललकारतात त्याला प्रोमो म्हणतात. प्रोमो म्हणजे दुसरं काय, सवाल-जवाबच. फडात जशी एकीने कोडं टाकायचं आणि दुसरीने ते परतवायचं, तसं. अकलूजच्या लावणी महोत्सवाला बसलेल्या माणसाला प्रोमो समजावून सांगावा लागत नाही. शब्द कोणाचे, यापेक्षा ते तिच्या तोंडात शोभतात का, हे लोक बघतात.

अपवादही आहे आणि तो मोठा आहे. असुका रागावली की सरळ जपानीत सुरू होते. एक अक्षर कळत नाही. तरी २०१५ ते २०१८ अशी अडीच वर्षं ती एकही लढत हरली नव्हती, आणि जानेवारी २०१८ मधला बायकांचा पहिला रॉयल रंबलही तिनेच जिंकला. आमच्या अक्कांची मराठी अर्धी तेलुगू होती. त्यांना इंग्रजी प्रोमोही जपानीच. सूर कळायचा.

कंपनीने ठरवलं तर ती कोणालाही मोठं करू शकते का?

नाही. पण कोणालाही लहान ठेवू शकते.

त्याचं साधन एकच, मिनिटं. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉवर चौघींची एक लढत जेमतेम अर्ध्या मिनिटात उरकली. मला बटणाला काज करायला जास्त वेळ लागतो. त्या रात्री लोकांनी इंटरनेटवर ‘या बायकांना संधी द्या’ अशी मोहीम चालवली आणि ती काही दिवस थांबलीच नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, फुलपाखरू गेलं आणि बायकांना पुरुषांसारखाच बेल्ट मिळाला. साशा, बेली, शार्लट, बेकी या चौघी गाजल्या कारण त्याआधी एनएक्सटी या छोट्या कार्यक्रमात त्यांना वीस-वीस मिनिटं मिळाली होती. वीस मिनिटांत पडता येतं, उठता येतं, दमता येतं. अर्ध्या मिनिटात फक्त दिसता येतं.

जुना प्रकार याहून वाईट. १९८४ साली वेंडी रिक्टरने फॅब्युलस मूला या जुन्या पैलवान बाईला हरवलं, सोबत गायिका सिंडी लॉपर, टीव्हीवर प्रचंड गाजावाजा. वेंडी त्या वर्षाची तारका झाली. पुढच्याच वर्षी पैशांवरून कंपनीशी बिनसलं, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये मुखवट्याआडच्या एका प्रतिस्पर्ध्याने तिला अचानक चीत केल्याचं पंचांनी जाहीर केलं. तिला काही माहीत नव्हतं. मुखवट्याआड होती मूलाच. वेंडी त्या रात्री गेली ती कितीतरी वर्षं कंपनीकडे परत आली नाही. म्हणजे नुरा कुस्तीतही दगा होतो, बघा!

मूलाबद्दल विचारणारे कमीच, तरी सांगते: ती ज्या मुलींना शिकवायची त्यांच्या कमाईतला वाटा घ्यायची, आणि तिच्या एकूण वागण्याबद्दलच्या तक्रारींमुळे २०१८ साली कंपनीला तिच्या नावाची एक स्पर्धा नाव बदलून घ्यावी लागली.

जपानमध्ये बायकांच्या लढती बघायला म्हणे पोरीच जायच्या?

हो, आणि ती गोष्ट मला फार आवडते. १९८० च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस असुका यांची ‘क्रश गॅल्स’ ही जोडी होती (ही असुका वेगळी). त्यांच्यासाठी किंचाळणारा प्रेक्षक म्हणजे शाळेतल्या पोरी. त्या दोघी गाणी म्हणायच्या, मार खायच्या, रडायच्या. समोर डम्प मात्सुमोतो नावाची भयंकर खलनायिका. १९८५ च्या ऑगस्टमध्ये ओसाकात चिगुसा आणि डम्पची लढत झाली, हरेल तिचे केस कापायचे. चिगुसा हरली. रिंगमध्येच तिचं डोकं भादरलं आणि हजारो पोरी हमसून हमसून रडल्या.

केस कापणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारा.

एक वाईट भागही आहे. त्या दोघींच्या जपानी कंपनीत सव्वीस वर्षांच्या झाल्या की मुलींना निवृत्त करायचे. पोरींना पोरीच आवडतात, बायका नाही, असं मालकांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

आपल्याकडे अशी कोणी होऊन गेली का?

हमीदा बानू. मिर्झापूरची, पुढे अलीगढची. ‘मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन’ असं आव्हान देऊन पुरुषांशी लढायची. मे १९५४ मध्ये बडोद्याला बाबा पैलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच, खुराकात किती दूध, किती अंडी, हे सगळं वर्तमानपत्रं छापायची. आता सांगा, हा प्रोमो नाही तर काय? लग्नाची पैज ही तिची एन्ट्री होती.

पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती, ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. बाईने पुरुषाला आव्हान द्यावं हे पचत नव्हतं. तिने सरकारकडे दाद मागितली, तर मोरारजी देसाईंचं उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही, तिच्यासमोर बुजगावणी उभी केली जातात अशी तक्रार आहे. म्हणजे ती जिंकली की नुरा, आणि लढू दिली नाही की नियम. ४ मे २०२४ ला गूगलने पहिल्या पानावर तिचं चित्र टाकलं तेव्हा दुकानात आलेल्या एका पैलवान पोराने विचारलं, ‘ही कोण बे?’ त्याच्या शर्टाचं माप घेईपर्यंत सांगत होते.

अलीकडची म्हणजे कविता देवी. हरियाणाची, वेटलिफ्टिंगमध्ये २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, मग जालंधरला खलीच्या अकादमीत शिक्षण. तिथला तिचा एक व्हिडिओ गाजला. रिंगमधली बाई ‘कोण लढणार?’ म्हणून माजात ओरडतेय आणि गर्दीतून सलवार-कमीज घातलेली ही उठून जाते. २०१७ मध्ये ती डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये लढणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, तेही भगव्या सलवार-कमीजमध्येच.

कपड्यांनी एवढा फरक पडतो?

माझ्या धंद्याचा प्रश्न, त्यामुळे लांबेल.

पडतो. कविताचा कमीज बघून गावातल्या बायकांना वाटलं की ही आपल्यातून उठून गेली. बोलिव्हियात एल आल्तो शहरात चोलिता म्हणतात अशा बायका आहेत. घेरदार परकर, शाल, दोन वेण्या या आपल्या रोजच्या पेहरावात त्या लढतात. त्याच परकरावरून त्यांच्या आज्यांना शहरात हिणवलं जायचं. तोच परकर फिरवत बाई वरच्या दोरावरून उडी मारते तेव्हा टाळ्या कशाला पडतात ते वेगळं सांगायला नको.

बियांका बेलेअर तर माझीच जातवाली. ही अमेरिकन बाई स्वतःचे रिंगचे कपडे स्वतः शिवते. गुडघ्यापर्यंतची वेणी चाबकासारखी वापरते. एप्रिल २०२१ च्या रेसलमेनियात पहिल्या रात्रीची मुख्य लढत तिची आणि साशाची होती, आणि जिंकली तीच. त्या पोशाखाचं शिवणकाम मी थांबवून थांबवून बघितलंय. ताणणाऱ्या कापडावर एवढे खडे टिकवणं खायचं काम नाही.

मग हटकून पुढचा प्रश्न येतो: नऊवारीत लढता येईल का? येईल, पण नेसून नाही, शिवून. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, तो फायदाच. अडचण अशी की मागचा कासोटा म्हणजे समोरचीला आयती पकड. मी करीन तर आतून घट्ट चड्डी, काठ फक्त शिवून दिसायला, पदर अजिबात नाही, आणि इरकलऐवजी ताणणारं कापड. रंग मात्र इरकलचाच. कोणी घालणार असेल तर शिलाई घेणार नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या हैदराबादच्या शोला गेला होतात म्हणे?

८ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. सोलापूरहून तीनशे किलोमीटर. सकाळची बस, डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी, सोबत भाची. लोक आले होते जॉन सीनासाठी, हे कबूल करायला हवं. पण रिया रिप्ली आणि नतालिया यांची लढत बेल्टसाठी होती. माझ्या पुढच्या रांगेत तीन बहिणी, तिघींचे ओठ काळे रंगवलेले, आणि त्यांचे वडील पाण्याच्या बाटल्या धरून बसलेले. रियाचं संगीत वाजलं तेव्हा ते वडीलच आधी उभे राहिले.

माझ्या मुलीला हे शिकायचंय. काय करू?

आधी गादीवर उड्या मारणं बंद करा. पडायचं कसं हे शिकल्याशिवाय पडायचं नसतं.

मग जवळच्या तालमीत, मॅटवर, साधी कुस्ती. आता मुलींना वाव आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. अंगात ताकद, मान पक्की आणि पडायची भीती गेलेली असली की पुढे जालंधर वगैरे. वस्ताद बहुधा ‘ते टीव्हीवरचं नाटक’ म्हणून तोंड वाकडं करतील. वाद घालू नका, सूर्यनमस्कार घाला.

लहान पोरांनी बघावं का?

शेजारी बसून बघा.

अक्का अजून बघतात का?

डोळे अधू झालेत, विड्या सुटल्यात. सून मोबाईलवर लावून देते, त्या कानाशी धरून ऐकतात. मागच्या महिन्यात गेले तेव्हा कोणाची तरी लढत चालू होती. मी विचारलं, ‘कोण आहे?’ म्हणाल्या, ‘नाव नाही ठाऊक. पण खाली आपटली की लगेच ओरडत नाही, जरा थांबून ओरडते. खरंच लागतंय वाटतं हिला.’ नि मोबाईल माझ्याकडे केला. स्क्रीनवर मला न ओळखू येणारी एक नवी पोरगी दोराला धरून उठत होती.